तांबडीच्या पोटातला नैवेद्य

यंदा गावची राखण करणाऱ्या देवाला, आमच्या राखणदाराला, गाऱ्हाणं घातलं ते मी. मी म्हणजे निहिरा सिद्धेश धुरी, दहावी ब, उंची पाच फूट एक इंच, आणि आवाज विचाराल तर डोंगरापलीकडे ऐकू जाईल एवढा.

तळकोकणाबाहेरच्यांना सांगते, गाऱ्हाणं म्हणजे रडगाणं नव्हे. सगळा गाव हात जोडून उभा राहतो. एकजण पुढे होऊन देवाशी थेट बोलतो, जणू देव समोरच्या ओट्यावर पान खात बसलाय. आणि प्रत्येक वाक्याला गाव एका सुरात म्हणतो, "व्हय म्हाराजा!" आमच्या गावात हा मान धुऱ्यांचा. आजोबांनंतर बाबा. बाबांनंतर कोण, हा प्रश्न मार्गशीर्षातल्या वार्षिकाच्या, म्हणजे राखणदाराच्या वर्षाकाठच्या पूजेच्या, आधी निघाला, कारण बाबा जांभ्या दगडाच्या चिऱ्यांच्या खाणीवर धूळ खाऊन खाऊन खोकत होते आणि मी तेव्हाच वक्तृत्व स्पर्धेत जिल्ह्यात पहिली आले होते.

"ह्या वर्षा माजा चेडू घालतला," बाबांनी देवळात जाहीर केलं.

आपा गावकर, म्हणजे गावचे पहिले मानकरी, वय बहात्तर, मिशा पांढऱ्या आणि भुवया काळ्या, त्यांनी बाबांकडे असं बघितलं, जणू बाबांनी देऊळ विकायला काढलंय. "चेडू गाऱ्हाणा घालतला? मगे आमी काय भाकरी भाजूची?"

"भाजा मां, आपा. वनभोजनाक तुमच्या हातची खाल्लंय मी. बरी भाजतास," बाबा म्हणाले.

सगळे हसले. हसण्यात आपांचा नकार वाहून गेला, आणि तो परत आणायला ते विसरले.

बातमी मात्र पसरली. मुलगी गाऱ्हाणं घालणार! शेजारच्या तीन गावांतून माणसं आली. दरवर्षी राखणदाराच्या पाषाणावर नव्वद-शंभर नारळ फुटतात. यंदा चारशे बारा. वर दूध, गुळाचं पाणी, विडे, फुलं, आंब्याचे टहाळे. मी पाषाणासमोर उभी राहिले, हात जोडले. आणि तोंड उघडलं.

"बा देवा राखणदारा म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"तुजी लेकरा आज तुज्या पायाकडे जमली आसत. त्यांच्या झरीक पाणी दी, पोरांक अक्कल दी, आणि दहावीवाल्यांक पेपर सोपो दी रे म्हाराजा!"

मग सहाशे माणसं हसत हसत ओरडली, "व्हय म्हाराजा!"

त्या दिवशी मला कळलं की माझ्यात एक मोठी बाई आहे, आणि ती बाहेर यायला फारच उतावीळ आहे.

*

तीन आठवड्यांनी चहा काळा झाला.

म्हणजे कोरा चहा तसा काळाच म्हणतात, पण हा दौतीतल्या शाईसारखा. आई कप खिडकीशी घेऊन गेली.

"निहिरा, चायत काय घातलंस गो?"

"चाय पावडर."

"ही चाय नाय. ही शाई."

आईने कप ठेवला आणि लगेच फोन काढला. माझी आई, अक्षता धुरी, ग्रामपंचायतीची जलसुरक्षक आहे. गावाच्या पाण्याची किल्ली तिच्या कमरेला असते. आणि चहा शाईसारखा झाला की पावडरीला दोष न देता पाण्यातल्या लोहाकडे बघायचं, हे तिला कळतं.

आमचं पाणी येतं तांबडीतून. आमच्या डोंगरात पूर्वी लोखंडाची खाण होती. ती बंद पडली, पण पोखरलेल्या डोंगरातून येणाऱ्या झरीत आर्सेनिक उतरू लागलं. जुनी माणसं त्याला सोमल म्हणतात. रंग नाही, वास नाही, चव नाही. वर्षानुवर्षं पोटात गेलं की मग त्वचा, यकृत, सगळं हळूहळू बिघडतं. सहा वर्षांपूर्वी, दोन हजार एकोणचाळीस साली, झरीच्या तोंडाशी जमिनीखाली एक टाकी बसली. तिच्यात खाणीच्याच लाल गाळापासून बनवलेले ज्वारीएवढे दाणे. दाणे म्हणजे काय, तर गंज! साधा लोखंडाचा गंज, पण आतून असा सच्छिद्र की एक मूठ दाण्यांची सगळी भोकं उलगडून पसरली तर शाळेचं मैदान झाकेल. आर्सेनिक त्या गंजाला चिकटून बसतं आणि खालून निघतं ते निर्मळ पाणी. वीज नको, औषध नको. लाल दाण्यांची टाकी म्हणून गावाने तिला नाव दिलं तांबडी.

तांबडीला बोलणारा मीटर आहे. गावात राहून सहा वर्षं झाली तरी तो आईच्या फोनवर अजून पुणेरीच बोलतो.

"नमस्कार अक्षताताई. पाण्यातील लोह थोडे वाढले आहे. चवीत फरक जाणवू शकतो. आरोग्यास धोका नाही. दाण्यांचे उरलेले आयुष्य चार वर्षे दोन महिने."

"बघ," आई म्हणाली. "चवीचा प्रश्न. गाळण धुवया."

"आई, पण लोह आलं कुठून?"

"डोंगरातून."

"डोंगरातलं लोह दाण्यातून गाळून येतं ना? मग दाण्याच्या खालच्या बाजूला लोह जास्त कसं? हे दाण्यातलंच लोह असलं तर?"

आईने माझ्याकडे बघितलं. मी आईकडे. दोघींच्या डोक्यात एकदमच पुढचं वाक्य आलं असणार, कारण ती कपाटाकडे वळली आणि मी स्टूल आणलं. दाणे विरघळत असतील, तर त्यांनी सहा वर्षं पकडून ठेवलेलं काय झालं?

तांबडीचा मीटर लोह मोजतो, गढूळपणा मोजतो; आर्सेनिक मोजत नाही. ते महिन्यातून एकदा आई कागदी पट्टीवर बघते. पुढची तपासणी नऊ दिवसांनी होती. आम्ही ती त्याच मिनिटाला केली. पट्टी पांढरी राहायला हवी. ती पिवळी झाली, मग मोहरीच्या फोडणीसारखी तपकिरी. लिटरमागे दहा मायक्रोग्रॅम चालतं. आमच्या पट्टीचा रंग ऐंशीच्या चौकटीशी जुळत होता.

आईने कमरेची किल्ली काढली आणि अनवाणीच टाकीकडे गेली. दहा मिनिटांत सगळ्या गावाचे नळ सुकले.

*

संध्याकाळी बाबा खाणीवरून आले तोवर अर्ध्या गावाने फोन करून विचारलं होतं.

"टाकी धुवक काढली हा म्हणान सांग," बाबा हातपाय धुताना म्हणाले. "दहा दिवस जुन्या बावचा पाणी आणतले. कोण इचारूचो नाय."

"पण टाकी धुवायला काढलेली नाही," मी म्हटलं.

"निहिरा, जरा ऐक. सहा वर्षां तांबडी ठीक होती. ह्या वर्षा तू गाऱ्हाणा घातलंस आणि तीन आठवड्यांत पाणी बिघडला. गाव काय म्हणतलो? मी काय म्हणतंय ता सोड. गाव काय म्हणतलो?"

हा विचार माझ्या मनाला शिवलाही नव्हता.

"अक्षता, तू सांग हिका."

आई भांड्यातल्या पाण्याकडे बघत होती. ते पाणी बाबांनी येतानाच खालच्या बावीतून कळशीने आणलं होतं. बाव म्हणजे विहीर, खाणीच्या डोंगरापासून लांब, सोमल नसलेली. "दहा दिवस सफाई म्हटला तर कोणाचा काय वायट होणार नाय," ती हळूच म्हणाली. "पाणी बंद आसा. कोण पिणार नाय."

"आणि पुढच्या वर्षी?"

"पुढच्या वर्षाचा पुढच्या वर्षा."

माझी आई, जी पावतीशिवाय कोणाला नळ जोडत नाही, ती म्हणत होती की खोटं चालेल. माझ्यासाठी. मला एकाच वेळी तिला मिठी मारावीशी वाटली आणि ओरडावंसंही वाटलं. मी ओरडले.

"पाणी कशाने बिघडलं तेच आपल्याला ठाऊक नाही! ते कळल्याशिवाय मी कुठलंच काही सांगणार नाही. खरं पण नाही आणि खोटं पण नाही."

"किती दिवस?" बाबा म्हणाले.

"आठ."

आठ हा आकडा मी हवेतून काढला होता. पण म्हटला असा, की बाबांनी मान डोलावली.

*

जुन्या बावीला एकशे चौसष्ट पायऱ्या. आजचे लोक नळाला इतके सोकावलेले की पहिल्या दिवशी निम्म्या कळशा वाटेतच सांडल्या. आणि पायऱ्यांवर माणसं बसली की काय होतं? बोलणं होतं.

"सहा वर्षां पाणी कसा काचेसारखा होता. यंदाच काय झाला?"

"यंदा काय नवीन झाला ता आठव मगे."

आणि दोघी-तिघींनी माझ्याकडे बघितलं. मी कळशी डोक्यावर, मान ताठ, अशी चढून गेले. बाबांचा अंदाज पहिल्याच दिवशी बरोबर ठरला होता.

आमच्या विज्ञानाच्या म्हाडगूत बाईंना मी सगळं सांगितलं. मला वाटलं होतं त्या कौतुक करतील. त्या म्हणाल्या, "तुझा संशय कशावर?"

"नैवेद्यावर. पाषाण टाकीच्या वरच्या अंगाला आहे. नारळपाणी, दूध, गूळ, सगळं झिरपून आत जातं. आणि त्याच्या बाजूलाच निर्माल्याचा खड्डा."

"प्रयोग?"

"दोन बाटल्या. एकीत नुसतं पाणी, दुसरीत गूळ."

"आणि निर्माल्य कुठे गेलं? नाचायची घाई नको गो. चार बाटल्या कर."

म्हणून कोकमच्या सरबताच्या चार बाटल्या. आईच्या गोदामातले कोरे तांबडे दाणे प्रत्येकीत मूठभर, टाकीतला गाळ चमचाभर, आणि प्रत्येकीत सारखंच आर्सेनिक असावं म्हणून झरीचं पाणी. पहिलीत एवढंच. दुसरीत गूळ आणि नारळपाणी. तिसरीत निर्माल्याच्या खड्ड्यातलं कुजलेल्या पानांचं काळं पाणी. चौथीत दोन्ही. बाटल्या गळ्यापर्यंत भरून मेणाने बंद, हवा जराही आत नको.

आता थोडं विज्ञान, आणि ते मी पंगतीवरून सांगणार, कारण मला ते तसंच समजलं. जेवण झालं की उष्टी पत्रावळ कुठेतरी टाकावीच लागते, नाहीतर पुढची पंगत बसत नाही. प्रत्येक सजीवाचं तसंच. अन्न खाल्लं की इलेक्ट्रॉन उरतात, ते कोणाला तरी द्यावे लागतात. आपण ते ऑक्सिजनला देतो. त्यालाच श्वास म्हणतात. गाळात काही जिवाणू असे आहेत की ऑक्सिजन संपला तरी त्यांचं अडत नाही. ते आपली उष्टी पत्रावळ गंजाला देतात. हो, ते गंजावर श्वास घेतात! गंजातल्या लोखंडाने इलेक्ट्रॉन घेतला की ते पाण्यात विरघळतं. दाणा ढासळतो. त्याला चिकटलेलं आर्सेनिक सुटतं.

पण जेवण नाही तर पंगत नाही. नुसत्या झरीच्या पाण्यात त्यांना खायला काहीच नसतं, म्हणून ते उपाशी झोपून असतात. तांबडी बनवणाऱ्यांनी तिचं आयुष्य दहा वर्षं काढलं ते हे गृहीत धरून. गूळ मिळाला की ते जागे होतात, आधी पाण्यातला ऑक्सिजन संपवतात, मग गंजाला हात घालतात. तरी एक अडचण असते, प्रत्येकाला आपली पत्रावळ स्वतः दाण्यापर्यंत नेऊन टेकवावी लागते. आणि इथे कुजलेली पानं येतात. पानं कुजून जो काळा अर्क होतो, तो हातगाडीचं काम करतो. जिवाणूकडून इलेक्ट्रॉन घेतो, दाण्याच्या बारीक भोकात नेऊन टाकतो, रिकामा परत येतो, पुन्हा भरतो. हातगाडी झिजत नाही. थोडीशी असली तरी पुरते.

सहाव्या दिवशी पहिली बाटली लाल. तिसरीही लाल, हातगाडी होती, पण पंगतच नव्हती. दुसरी विटकरी-तपकिरी. आणि चौथी शेवाळी काळी पडलेली, आत लाल म्हणून औषधाला उरलं नव्हतं. तिच्या पाण्यात बुडवलेली पट्टी इतकी गडद झाली की तिच्याएवढा रंग डब्यावर छापलेलाच नव्हता.

मी बाटली नंबर चार छातीशी धरून घरभर नाचले. मग थांबले. कारण आता सांगावं लागणार होतं.

*

त्या संध्याकाळी मी तांबडीच्या मीटरकडून वार्षिकाच्या महिन्यांतल्या लोहाच्या सगळ्या नोंदी मागितल्या आणि आलेख काढला. बाबा बाजूला बसून चिऱ्याच्या मशीनचं पातं पुसत होते.

"बाबा, हे बघा. दरवर्षी वार्षिकानंतर एक उंचवटा. तुम्ही गाऱ्हाणं घातलंत त्या वर्षीसुद्धा."

बाबांचं तोंड उजळलं. "म्हणजे तुझ्यामुळे नाय!"

"नाही ना. पहिली तीन वर्षं अगदी लहान. मग बेचाळीसपासून दुप्पट."

बाबा हसता हसता थांबले. बेचाळीस साली गावाला तालुक्याचं स्वच्छतेचं बक्षीस मिळालं होतं. निर्माल्य पाण्यात टाकायचं नाही, पायदळी जाऊ द्यायचं नाही, म्हणून पाषाणाशेजारी चिऱ्यांनी बांधलेला सुंदर खड्डा. बक्षिसाचा फोटो आमच्या भिंतीवर आहे. खड्डा बांधणारा माणूस फोटोत मधोमध उभा आहे आणि आत्ता तो माझ्यासमोर पातं पुसत होता.

"हातगाडी," बाबा म्हणाले. मी त्यांना पंगतीची गोष्ट आधीच ऐकवली होती.

"हो."

बराच वेळ ते पातं पुसत राहिले. ते केव्हाच स्वच्छ झालं होतं.

"अजून सफाई म्हणायचं का, बाबा?"

बाबा उठून आत गेले. मी आईकडे बघितलं. आई म्हणाली, "मी नळ बंद केलंय तो कित्याक, ता मी सांगतलंय. तू आलेख सांग. त्याचा त्याका ठरवू दी."

*

आठव्या दिवशी देवळात सभा. सगळे पायऱ्या चढून-उतरून वैतागलेले.

आपा सुरुवातीलाच म्हणाले, "मी आडपडदो ठेवणंय नाय. राखणदार रुसलो हा. रूढ मोडली की असाच होता."

आई उभी राहिली. पट्टी दाखवली, ऐंशी म्हणजे काय ते सांगितलं, आणि हेही सांगितलं की तीन आठवड्यांच्या पाण्याने कोणी आजारी पडणार नाही, पण तीन वर्षांच्या पाण्याने पडेल. मग माझ्याकडे बघून बसली.

मी शाळेतून खडू आणला होता. सभामंडपाच्या फरशीवर भिंतीपासून भिंतीपर्यंत रेघ ओढली आणि तिच्यावर एकोणचाळीसपासून यंदापर्यंतचे सात उंचवटे काढले, चालत, वाकून, लोकांना "जरा सरका" म्हणत. पोरं लगेच उड्या मारायला लागली.

"हे तांबडीने लिहून ठेवलेलं लोह. प्रत्येक उंचवटा म्हणजे एका वार्षिकानंतरचा महिना. आपा, जरा पुढे येवा. आणखी दोन पावला. हां, थांबा."

आपा थांबले. "काय आसा हयसर?"

"तुमी ज्याच्यावर उभे आसास ता त्रेचाळीस साल. बाबांक टायफॉइड झालो होतो. गाऱ्हाणा तुमी घातलास."

मागून कोणीतरी म्हणालं, "आपा, तुमचो उंचवटो बरो मोठो आसा हां!" आणि देऊळभर हशा. आपांनी पायाखाली बघितलं आणि एक पाऊल बाजूला सरकले, जसं काही ओलं लागलं.

मग मी माझ्या उंचवट्याशी गेले. तो काढायला फरशी पुरली नव्हती. मी तो गाभाऱ्याच्या पायरीवर चढवला होता.

"आणि हा माझा. सगळ्यांत मोठा. आणि हो, हा माझ्यामुळेच आहे." मी खडू खाली ठेवला. "मी मुलगी आहे म्हणून नाही. मुलगी बघायला तीन गाव आले म्हणून. दरवर्षी शंभर नारळ, यंदा चारशे बारा. राखणदार रुसलेला नाही. त्याच्या पायाशी जे जिवाणू झोपलेत त्यांना आपण जेवायला उठवलं, पोटभर वाढलं, वर पानांची हातगाडी दिली." आणि मग पंगतीची गोष्ट, आणि चारही बाटल्या हातोहात फिरवल्या.

बाटल्या फिरत असताना बाबा उठले. माझा आवाज मोठा आहे तो त्यांच्याकडूनच आलाय, पण ते अगदी हळू बोलले.

"बेचाळीसपासना उंचवटे वाढले ते खड्ड्यामुळे. खड्डो माजो. मी बांधलंय. बक्षीस मी घेतलंय. जबाबदारी पण माजीच."

चौथी बाटली आपांच्या हातात होती. त्यांनी ती उजेडात धरली, हलवली, पुन्हा धरली. "समाजला," ते म्हणाले. "मी काय येडो नाय. पण माका एक सांग. म्हणजे राखणदाराक उपाशी ठेवचो?"

आणि यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. जिल्ह्यात पहिली आलेली मी, तोंड उघडं ठेवून उभी राहिले.

आपांना ते दिसलं. ते जवळ आले, फक्त मला ऐकू येईल असं बोलले. "खड्डो फाल्यां सकाळीच हलवतंव. पाषाणाकडे नारळ फोडूचो नाय म्हणान मी सांगतंय, आणि माजा गाव ऐकता. तुजा कोण ऐकणार नाय. पण पुढल्या वर्षा गाऱ्हाणा तुजो बापूस घालतलो. कबूल?"

ते खरं बोलत होते, हेच वाईट. बाटल्या पटल्या होत्या; पण पटणं आणि रूढ बदलणं यांच्यामध्ये आपा उभे होते. मला सहाशे माणसांचं ते "व्हय म्हाराजा" कानात ऐकू आलं. आणि बावीच्या पायऱ्यांवर दम खात बसलेली, सातवा महिना लागलेली आमची ऋजुता वहिनी डोळ्यांसमोर आली, कळशी मांडीत घेऊन.

"कबूल," मी म्हटलं. पाणी आधी.

*

पुढचे बारा दिवस बाबांनी खाणीवरून सुट्टी घेतली आणि खाणीचा हवेचा कॉम्प्रेसर मागून आणला. तांबडीचं झाकण काढलं, तळाशी नळ्या सोडल्या आणि रात्रंदिवस हवा. जिवाणूंना ऑक्सिजन दिसला की ते गंज सोडून देतात. सोपी जागा मिळाल्यावर पत्रावळ लांब कोण नेईल? आणि पाण्यात विरघळलेलं लोखंड हवा लागताच पुन्हा गंजतं, आर्सेनिकला पुन्हा मिठीत घेतं. वरचे खराब दाणे काढून गोदामातले कोरे घातले. खड्ड्याचे चिरे बाबांनी एकेक सुटे करून डोंगराच्या उतरणीला, टाकीच्या खालच्या अंगाला नेऊन पुन्हा बांधले. रोज संध्याकाळी मी पट्टी बुडवायची. ऐंशी. चाळीस. वीस. आठ. मग पांढरी, आणि दुसऱ्या दिवशीही पांढरी.

बाटल्यांचे फोटो आणि आलेख आईने तांबडी बनवणाऱ्यांना पाठवले. राज्यात अशा तीनशेहून जास्त टाक्या आहेत. आठवड्याभरात सगळ्या मीटरांचं बोलणं बदललं. आमचाही मीटर एके सकाळी त्याच सुरात म्हणाला, "नमस्कार अक्षताताई. यापुढे लोह वाढल्यास दाणे विरघळत आहेत असे समजून पाणी बंद करण्याची सूचना दिली जाईल. पूर्वीच्या आश्वासनाबद्दल क्षमस्व."

"बघ, माफी मागता," आई म्हणाली. "माणसांपेक्षा बरो."

पाणी सोडायच्या दिवशी सगळा गाव पाषाणापाशी जमला. प्रत्येकाच्या घरचा नळ उघडा ठेवलेला. आई किल्ली घेऊन तयार. पण गाऱ्हाण्याशिवाय आमच्याकडे काहीच सुरू होत नाही, पाणीसुद्धा नाही. आपांनी बाबांना खूण केली.

"माजो गळो बसलो," बाबा म्हणाले. असे म्हणाले, की पलीकडच्या डोंगरावरचे कावळे उडाले.

"सिद्धेश!"

"खरांच, आपा. आवाजच येणा नाय."

आपा त्यांच्याकडे बघत राहिले. बाबा समोर बघत राहिले. मी जमिनीकडे. कबूल म्हणजे कबूल. मी एक शब्द बोलणार नव्हते. ऊन चढत होतं. कोणीतरी कळशी खाली ठेवली. ऋजुता वहिनी म्हणाली, "आपा, बसाक खुर्ची तरी देवा. माका काय आता धरवना नाय."

आपांनी मिशीवरून हात फिरवला. "तुजो बापूस खोटारडो आसा," ते मला म्हणाले.

"व्हय."

"कबूल केलेला ता पुढल्या वर्षाचा. आजच्याबद्दल आमी कोण काय बोललेले नाय." आणि मग चिडून, "आता उभी कित्याक? घाल! आणि जरा खणखणीत. गेल्या टायमाक मागच्यांक ऐकाक येणा नाय होता."

साफ खोटं. मागच्यांना ऐकू आलं होतं, त्यांच्या मागच्या गावालाही. मी पुढे झाले.

"बा देवा राखणदारा म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"आमी तुका मायेन वाढला, आणि ता तुज्याच पायाखालच्या पाण्याक बाधला. चुकला-माकला पदरात घे रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

आणि मग, ठरवलेलं नव्हतं, तोंडातून आपलं आपणच निघालं, "तू उपाशी रवाचो नाय. तुजी लेकरा जेवली की तू जेवलंस असा समज. ह्या वर्षापासना तुजो नारळ आमी घराकडे नेतलंव, आणि तुज्या नावान आमीच खातलंव रे म्हाराजा!"

कोणीच "व्हय म्हाराजा" म्हणालं नाही. असं वाक्य आमच्या गाऱ्हाण्यात आजवर कोणी घातलेलं नव्हतं. बाया एकमेकींकडे बघू लागल्या, आईची किल्ली हवेत थांबली, आणि मला माझ्या छातीचे ठोके चारशे बारापर्यंत मोजता आले असते.

पहिल्या रांगेतून एक खरखरीत, म्हातारा, किंचित वैतागलेला आवाज आला. एकटाच.

"व्हय म्हाराजा."